ह्मोंग मुली आणि लग्नाची प्रथा

ह्मोंग हा दक्षिण चीन, उत्तर व्हिएतनाम, लाओस आणि थायलंडच्या डोंगरांत राहणारा समाज. 1975 नंतर लाओसमधून निर्वासित होऊन बाहेर पडलेली बरीच कुटुंबं आता अमेरिकेत कॅलिफोर्निया, मिनेसोटा, विस्कॉन्सिनला आहेत, थोडी फ्रान्स आणि ऑस्ट्रेलियात. एकट्या व्हिएतनाममध्ये 2019 च्या जनगणनेत साधारण 13.9 लाख ह्मोंग होते. यांच्या मुलींच्या लग्नाचा विषय निघाला की सगळे "मुलगी पळवून नेतात" एवढंच बोलतात, पण त्यानंतर मुलाच्या घराच्या दारात जे होतं ते जास्त महत्त्वाचं आहे, ते कळलं की बाकीचं आपोआप कळत जातं.

समाज कुळांमध्ये विभागलेला आहे, यांग, वांग, ली, थाओ, मुआ वगैरे, अमेरिकेत साधारण 18 कुळं धरतात. एकाच कुळातली मुलं भाऊबहीण, त्यांचं लग्न होऊच शकत नाही, मग गावं एकमेकांपासून कितीही लांब असोत. मामे-आतेभावंडांचं मात्र चालतं, आपल्याकडे मामाची मुलगी चालते तसं, पण व्हिएतनामच्या कायद्यात तीन पिढ्यांच्या आतलं नातं असेल तर लग्न बेकायदा. कूळ बापाकडून येतं आणि मुलगी म्हणजे परक्याचं धन ही समजूत तिथेही घट्ट आहे.

ओळखी होतात त्या नववर्षाच्या सणात. मुलं एका रांगेत, मुली समोरच्या रांगेत, आणि एकमेकांकडे कापडी चेंडू फेकत तासन् तास गप्पा, ज्याच्या हातून चेंडू पडेल त्याने गाणं म्हणायचं नाहीतर अंगावरचं काहीतरी द्यायचं. मुलीच्या अंगावरचा चुण्यांचा घागरा बऱ्याचदा तिने स्वतः किंवा आईने शिवलेला असतो, काही गटांत तो तागासारख्या धाग्याच्या कापडाचा, त्यावर मेणाने नक्षी काढून निळीत बुडवलेला, एका घागऱ्याला महिनोन् महिने जातात.

याच दिवसांत मुलगी "ओढून" नेतात. मुलगा आणि त्याचे मित्र बाजारातून किंवा रस्त्यातून तिला हाताला धरून मुलाच्या घरी घेऊन जातात. कधी दोघांचं आधीच ठरलेलं असतं आणि ती नुसती लोकांसमोर आढेवेढे घेते, कधी देजाचा, म्हणजे मुलाकडून मुलीच्या घरी द्यायच्या रकमेचा, खर्च परवडत नाही म्हणून हा मार्ग धरतात, आणि कधी तिला खरंच जायचं नसतं. बघणाऱ्याला तिन्ही प्रसंग सारखेच दिसतात, म्हणूनच ही प्रथा इतकी धोक्याची आहे असं मला वाटतं.

मुलाच्या दारात घरातलं वडीलधारं माणूस जिवंत कोंबडा हातात धरून दोघांच्या डोक्यावरून ओवाळतं. या विधीने तिला त्या घराच्या पितरांच्या हवाली केलं असं मानतात. मग निरोप घेऊन माणसं तिच्या आईवडिलांकडे जातात, आणि साधारण तीन दिवसांनी दोन्हीकडचे मध्यस्थ बसून देज ठरवतात, चांदी किंवा रोख, डुक्कर, दारू. मध्यस्थांजवळ एक काळी छत्री असते, तिला काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा फेटा गुंडाळलेला, लग्नभर ती सांभाळायची. या तीन दिवसांत मुलगी नाही म्हणू शकते, रीत तशी आहे, पण घरच्यांनी पाठ राखली तरच, कारण परत आलेल्या मुलीबद्दल लोक बोलतात आणि जुन्या समजुतीप्रमाणे माहेरचे पितर आता तिचे राहिलेले नसतात.

व्हिएतनाममध्ये 2014 च्या कायद्याने लग्नाचं वय मुलीला 18 आणि मुलाला 20 आहे, आणि 2015 मध्ये सरकारने डोंगरी भागातले बालविवाह थांबवायला खास कार्यक्रमही काढला. तरी ह्मोंगांमध्ये प्रमाण जास्तच आहे, कारण लग्न कुळापुढे होतं, नोंदणी नंतर कधीतरी. नववर्षाची सुट्टी संपली की तिथले शिक्षक घरोघर जाऊन पोरं गोळा करतात, तेव्हा एखादी मुलगी सासरी सापडते. तेरा-चौदा वर्षांची पोर, बोर्डिंग शाळेत शिकणारी, तिचं शिक्षण एका सणात संपतं, हे कुठल्याही परंपरेच्या नावाने पटण्यासारखं नाही.

उत्तर व्हिएतनाममधल्या सापा या पर्यटकांच्या गावाच्या आसपास वेगळंही घडलंय. पर्यटकांना पिशव्या विकता विकता मुली इंग्रजी शिकल्या, काही गाईड झाल्या, सापा ओचाउ हा सामाजिक उद्योग तर ह्मोंग लोकांनीच उभा केला. हातात स्वतःचा पैसा आल्यावर लग्न पुढे ढकलता येतं. पण फोनमुळे नवा धोकाही आला, फेसबुकवर प्रेमाचं नाटक करून मुलींना सीमेपार चीनमध्ये नेऊन बायको म्हणून विकतात, आणि ओढून नेण्याची सवय असलेल्या गावात मुलगी दोन दिवस दिसली नाही तरी लोकांना लग्नच झालं असेल असं वाटू शकतं. हनोईची ब्लू ड्रॅगन संस्था अशा मुलींना सोडवून आणते.

अमेरिकेत मुलगी ओढून नेण्याचा प्रश्न कोर्टात गेला. 1985 मध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोच्या एका खटल्यात तरुणाने ही आमची लग्नाची रीत आहे असा बचाव केला, मुलगी मात्र मी नाही म्हणत होते असं सांगत होती. शेवटी अपहरण आणि बलात्काराऐवजी डांबून ठेवल्याचा कमी गुन्हा धरून 120 दिवसांची कैद झाली, त्यावर अजून वाद चालतो. पुढे तिथल्याच ह्मोंग बायका पुढे आल्या, 2002 मध्ये "मी मुआ" नावाच्या बाई मिनेसोटाच्या सिनेटवर निवडून गेल्या, आणि 2020 मध्ये त्या राज्याने 18 च्या आतलं लग्न पूर्ण बंद केलं. देज अजूनही घेतात, पण ते किती असावं यावर कुळांच्या बैठका होतात.

थायलंडमध्ये ह्मोंग बायकांच्या नेटवर्कने वेगळाच रस्ता काढला. घटस्फोट झालेली किंवा लग्नाशिवाय आई झालेली मुलगी माहेरच्या घरात बाळंत होऊ शकत नव्हती, तिथून तिचा अंत्यविधीही होत नसे, पितर रागावतील म्हणून. त्यांनी कुळातल्या म्हाताऱ्यांशी बोलून मुलीला परत माहेरच्या पितरांमध्ये घ्यायचा विधी मान्य करून घेतला. काही कुळांनी तो स्वीकारलाय, आणि तिथली मुलगी आता नवऱ्याचं घर सोडून वडिलांच्या घरी राहायला येऊ शकते.