केऑस सिद्धांत, मानसशास्त्रातील

निश्चित नियमांनी चालणाऱ्या, तरीही ज्यांचे दीर्घ मुदतीचे भाकीत करता येत नाही अशा अरैखिक (कारण व परिणाम समप्रमाणात नसलेल्या) प्रणालींचे गणित भावना, मेंदूचे कार्य व वर्तन यांना लावून पाहण्याची अभ्यासपद्धती. आरंभीच्या स्थितीतला नगण्य फरक पुढे झपाट्याने वाढत जाणे हे अशा प्रणालीचे मुख्य लक्षण. ती यादृच्छिक नसते. लोकप्रिय लेखनात हा भेद बहुधा पाळला जात नाही.

गणिती मूळ सामान्यतः आंरी प्वांकारे यांच्या १८९० च्या सुमाराच्या लेखनात, तर आधुनिक रूप एडवर्ड लोरेन्झ यांच्या १९६३ च्या हवामानविषयक निबंधात दाखवतात. मानसशास्त्रात ही कल्पना केव्हा शिरली याविषयी मतभेद आहेत. क्रिस्टोफर झीमन यांनी १९७० च्या दशकात कुत्र्याची भीती व राग यांवर मांडलेल्या प्रतिमानापासून काही जण सुरुवात धरतात. पण त्यात एका वृत्तीतून दुसरीत अचानक उडी आहे, केऑस नाही; त्यामुळे १९८० च्या दशकातील मेंदूलेखांवरचे (ईईजी) काम हाच आरंभ मानणे अधिक सयुक्तिक ठरते. पीटर ग्रासबर्गर व इतामार प्रोकाचिया यांनी १९८३ मध्ये मोजमापांच्या एकाच मालिकेवरून ‘सहसंबंध मिती’ (प्रणालीच्या हालचालीची गुंतागुंत सांगणारा आकडा) काढण्याची रीत दिली. १९८५ मध्ये अग्नेस बाब्लोयांत्झ व सहकाऱ्यांनी ती झोपेतील मेंदूलेखांना लावली. १९८७ मध्ये क्रिस्टीन स्कार्डा व वॉल्टर फ्रीमन यांनी सशाच्या घ्राणकंदावरील (वासाशी निगडित मेंदूच्या भागावरील) नोंदींवरून असे मांडले, की वास ओळखण्यापूर्वीची केऑससदृश हालचाल ही मेंदूची सज्जता होय. नवा वास शिकला की जुन्या वासांचे आकृतिबंधही बदलतात.

खरी अडचण पुराव्याची. अशा मापनाला गोंगाटविरहित, लांबलचक मालिका लागते. मनःस्थितीची नोंद दिवसाला एक धरली, तर वर्षभरात जेमतेम ३६५ आकडे हाती येतात. शिवाय विशिष्ट प्रकारच्या यादृच्छिक गोंगाटातूनही केऑसची खूण मानली जाणारी सान्त (मर्यादित) मिती निघू शकते, हे ऑस्बोर्न व प्रोव्हेन्झाले यांनी १९८९ मध्ये दाखवले. म्हणून मूळ मालिकेचा वर्णपट (कोणत्या वारंवारतेचा वाटा किती, हे) तसाच ठेवून बाकी रचना विस्कटायची आणि दोन्ही मालिकांची तुलना करायची, अशी कसोटी जेम्स थाइलर व सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये रूढ केली. तीपुढे आधीचे बरेच दावे टिकले नाहीत. द्विध्रुवी विकारातील मनःस्थितीत केऑस आढळल्याचा गॉटशॉक व सहकाऱ्यांचा निष्कर्ष (१९९५) यामुळेच सावधपणे घ्यावा लागतो.

सर्वांत गाजलेला वाद सकारात्मक व नकारात्मक भावनांच्या २.९०१३ या गुणोत्तराचा. बार्बरा फ्रेडरिक्सन व मार्शियल लोसाडा यांनी २००५ मध्ये लोरेन्झ यांच्या समीकरणांच्या आधारे हा माणसाच्या भरभराटीचा उंबरठा म्हणून मांडला. समीकरणांतील १० व ८/३ हे स्थिरांक मूळचे तापलेल्या प्रवाही पदार्थातील अभिसरणासाठी घेतलेले. माणसांच्या गटाला तेच का लागू व्हावेत, याचे कारण दिलेले नव्हते. निकोलस ब्राऊन, ॲलन सोकल व हॅरिस फ्रीडमन यांच्या २०१३ मधील टीकेनंतर लेखातील गणिती भाग मागे घेण्यात आला.

या क्षेत्रातील संशोधकांची आंतरराष्ट्रीय संस्था १९९१ पासून कार्यरत आहे. मानसोपचारात ही परिभाषा बहुतांशी रूपकासारखी येते. अलीकडे भर आहे तो नैराश्याच्या पूर्वसूचनांवर: छोट्या धक्क्यातून मन सावरायला वेळ लागू लागला, तर अवस्थांतर जवळ आले असावे, असा तर्क. याचा मूळ केऑस सिद्धांताशी संबंध मात्र सैल आहे.