पावसाची खात्री संपली तेव्हा

मराठी कवितेत पर्यावरणाचे संकट त्या नावाने फारसे आले नाही. ते पाणी, पीक आणि धरणाखालचे बुडीत यांच्या रूपाने आले. समीक्षेने त्याची नोंद बहुधा ‘ग्रामीण’ किंवा ‘आदिवासी’ या खात्यांत केली, आणि त्यामुळे आपले कवी या प्रश्नाकडे उशिरा वळले असे उगाचच वाटत राहते.

बालकवींच्या (१८९०–१९१८) श्रावणात चोहीकडे हिरवळ दाटते, क्षणात सर येते आणि क्षणात ऊन पडते. पाऊस वेळेवर येईल की नाही, ही शंका त्या कवितेला शिवत नाही. ना. धों. महानोरांच्या ‘रानातल्या कविता’ १९६७ साली आल्या, तेव्हा अजिंठ्याच्या डोंगरांलगतच्या पळसखेड्यात स्वतः शेती करणारा हा कवी नभाने भुईला दान द्यावे, असे मागणे मागत होता. जे मागावे लागते ते गृहीत धरता येत नाही. पुढे पाचच वर्षांनी, १९७२ च्या दुष्काळात, गावेच्या गावे खडी फोडायला आणि पाझर तलावांच्या कामावर गेली. महानोरांनी नंतर विधान परिषदेत शेती आणि पाण्याचे प्रश्न लावून धरले. त्यांचे रान केवळ शृंगारिक म्हणून वाचणाऱ्यांनी ही बाजू सोयीने वगळली, असे माझे मत आहे.

नंतरच्या पिढीत इंद्रजित भालेरावांचे ‘पीकपाणी’ (१९८९) आले. लासलगावच्या प्रकाश होळकरांच्या संग्रहाचे ‘कोरडे नक्षत्र’ हे नावच कोरडवाहू शेतकऱ्याला पुरेसे आहे: मृगावर पेरलेले उगवून आले आणि आर्द्रा कोरडी गेली, तर दुबार पेरणी, म्हणजे बियाण्यासाठी पुन्हा उसनवारी.

बुडिताची गोष्ट वेगळी. धरणाविरुद्धचा लढा महाराष्ट्राला नवा नव्हता. १९२१ मध्ये सुरू झालेल्या मुळशी सत्याग्रहाचे नेते सेनापती बापट स्वतः कविता लिहीत. सरदार सरोवराच्या बुडितात मात्र सातपुड्यातील महाराष्ट्राची ३३ गावे आली, आणि त्याच टापूतील भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ १९८७ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या ‘स्टेज’ या कवितेत व्यासपीठावरची मंडळी खाली बसलेल्यांना त्यांचेच दुःख समजावून सांगतात. ती कविता धरणावर नाही. तरीही नदी आणि जंगल यांच्यावर आज शहरांतून लिहिल्या जाणाऱ्या कवितेला पहिला प्रश्न तिथूनच विचारावा लागतो.