मुलांच्या तोंडाकडे बघून

‘मुलांच्या तोंडाकडे बघून दिवस काढतेय’ हे वाक्य नात्यागोत्यात कुणाच्या तरी तोंडून आपण सगळ्यांनीच ऐकलेलं असतं. मुलांसाठी संसार रेटावा की मोडावा, यावर अमेरिका-ब्रिटनमध्ये गेली पन्नासएक वर्षं संशोधन चालू आहे. त्याचं उत्तर कुठल्याच बाजूला पुरतं सोयीचं नाही.

मानसशास्त्रज्ञ ज्युडिथ वॉलरस्टीन यांनी 1971 साली कॅलिफोर्नियात घटस्फोट झालेल्या 60 कुटुंबांतल्या 131 मुलांचा अभ्यास सुरू केला आणि तो पंचवीस वर्षं चालवला. मुलं मोठी होऊन स्वतःचं लग्न करायची वेळ आली की जुनी जखम वर येते, असं त्यांचं म्हणणं. पण सुरुवातीला तुलनेसाठी अखंड कुटुंबातली मुलं घेतलेलीच नव्हती. मेव्हिस हेदरिंग्टन यांनी व्हर्जिनियात ती घेतली. घटस्फोटित घरांतल्या सुमारे 25 टक्के मुलांना पुढे गंभीर अडचणी आल्या, इतर घरांत सुमारे 10 टक्क्यांना. अडीच पट म्हटलं की धडकी भरते. पण शंभरातली पंचाहत्तर पोरं धडपणे मोठी झाली, हेही याच आकड्यांत आहे.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो ‘सायन्स’ नियतकालिकात 1991 साली आलेला अँड्र्यू चर्लिन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास. ब्रिटनमध्ये 1958 साली मार्चच्या एकाच आठवड्यात जन्मलेल्या हजारो मुलांच्या नोंदी ठेवल्या गेल्या आहेत. त्यातली सातव्या वर्षी आईवडील दोघांजवळ असलेली मुलं त्यांनी निवडली आणि अकराव्या वर्षापर्यंत कुणाचं घर मोडलं ते पाहिलं. ज्यांचं पुढे मोडणार होतं, त्यांच्या वागण्यातल्या आणि अभ्यासातल्या अडचणी सातव्या वर्षीच दिसत होत्या! म्हणजे घटस्फोटाच्या नावावर टाकलेला बराचसा परिणाम त्याच्या आधीचाच होता. मुलग्यांमध्ये हे जास्त ठळक होतं, मुलींमध्ये कमी.

मग नुकसान भांडणानंच होतं आणि घटस्फोट निर्दोष? तसंही नाही. पॉल अमाटो आणि ॲलन बूथ यांनी 1980 पासून विवाहित लोकांच्या मुलाखती घेत त्यांच्या मुलांचा पुढे मागोवा घेतला. रोज कडाक्याची भांडणं असलेल्या घरांतली मुलं घटस्फोटानंतर सावरली. वरवर शांत असलेली घरं मोडली तेव्हा मात्र मुलांचं नुकसान झालं. त्यांच्या दृष्टीनं काही बिघडलेलंच नव्हतं. एके दिवशी अचानक बाबा गेले, पाठोपाठ घर गेलं, हात आखडला. आणि त्या पाहणीत कडाक्याच्या भांडणानंतरचे घटस्फोट एक तृतीयांशाहूनही कमी होते.

‘आम्ही मुलांसमोर कधी भांडत नाही’ असं म्हणणाऱ्यांसाठी मार्क कमिंग्ज यांचे प्रयोग आहेत. ते मुलांना मोठ्यांच्या भांडणाच्या चित्रफिती दाखवत. आरडाओरड्यासारखाच घुश्शातला अबोलाही मुलांना अस्वस्थ करी. मात्र भांडण मिटलेलं दिसलं की ती निवळत. बंद दाराआड मिटलं आणि नंतर कुणी तसं सांगितलं, तरीही फरक पडे.

घटस्फोटानंतर काय होतं, याला बहुधा हुकुमनाम्याच्या कागदापेक्षा जास्त वजन आहे. ‘बाबांना सांग, फी भरायची राहिलीय.’ ‘आईकडे कोण येतं रे हल्ली?’ एलेनॉर मॅकोबी आणि सहकाऱ्यांना कॅलिफोर्नियातल्या किशोरवयीन मुलांमध्ये हेच दिसलं: दोघांच्या मधे सापडल्याची भावना असलेली मुलं जास्त उदास आणि चिंताग्रस्त होती. आपल्याकडे ताब्याची आणि पोटगीची तारीख पे तारीख चालते तेव्हा हा निरोप्याचा धंदा मुलाकडेच येतो.

अमेरिकेतल्या ॲरिझोना स्टेट विद्यापीठात घटस्फोटित आयांसाठी, आणि काही घरांत सोबत मुलांसाठीही, काही आठवड्यांचे वर्ग घेतले गेले. मुलाचं मधे न तोडता ऐकायचं कसं, शिस्त एकसारखी ठेवायची कशी, त्याला भांडणाबाहेर ठेवायचं कसं, एवढंच तिथे आयांना शिकवत. सहा वर्षांनी पाहिलं, तर आई आणि मूल दोघांनीही वर्ग केलेल्या घरांतल्या किशोरवयीन मुलांमध्ये मानसिक विकारांचं प्रमाण कमी निघालं. तुलनेच्या गटातल्या कुटुंबांना फक्त या विषयावरची पुस्तकं वाचायला दिली होती.