निवडीचे प्रदर्शन आणि भाड्याचे प्रदर्शन

जळगाव, धुळे, नंदुरबार अशा शहरांतल्या कलाकेंद्राच्या फलकावर दोन सूचना पुष्कळदा शेजारी शेजारी लागलेल्या दिसतात. एकीत ‘प्रवेशिका मागविण्यात येत आहेत’ असे असते, दुसरीत ‘दालन उपलब्ध आहे’ असे. दोन्हीकडे अर्ज भरायचा असतो, दोन्हीकडे पैसे द्यायचे असतात आणि दोन्हींच्या शेवटी चित्रे भिंतीवर लागतात. त्यामुळे नुकतेच शिक्षण संपवून बाहेर पडलेले चित्रकार या दोन्ही गोष्टी एकच धरून चालतात. मीही तसेच धरले होते. दालनभाड्याची पावती हातात पडताच आपली निवड झाली असे मी घरी सांगून टाकले, आणि वडिलांनी गल्लीत पेढे वाटले.

निवडीच्या प्रदर्शनात यजमान संस्था असते आणि चित्रकार पाहुणा असतो. तेथे भरलेले प्रवेश शुल्क हे चित्र पाहिले जाण्यासाठी असते, लावले जाण्यासाठी नव्हे. म्हणूनच चित्र नाकारले गेले तरी शुल्क सहसा परत मिळत नाही, आणि यात फसवणूक काही नाही. १८८८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीचे वार्षिक प्रदर्शन याच जातीचे आहे. कला संचालनालयाचे राज्य कला प्रदर्शनही तसेच, आणि त्यात विद्यार्थ्यांचा विभाग व्यावसायिक कलावंतांपासून वेगळा असतो. अलीकडे बहुतेक ठिकाणी पहिली चाळणी छायाचित्रांवर होते. माझ्याकडे दाखवायला आलेल्या छायाचित्रांत चित्राहून काचच जास्त दिसते: केळीच्या बागेचे सुरेख जलरंगचित्र, आणि त्याच्या मधोमध ट्यूबलाइटची पांढरी रेघ. फ्रेम करण्याआधी, सकाळच्या सावलीत, चित्र उभे धरून समोरून छायाचित्र घ्यावे, एवढे केले तरी परीक्षकाला निदान चित्र तरी दिसते.

या पद्धतीचा एक मोठा लाभ आपल्या भागाला ठाऊक असायला हवा. चाळीसगावचे केकी मूस (१९१२–१९८९) आपल्या बंगल्याबाहेर क्वचितच पडत. तरी त्यांच्या छायाचित्रांनी देशविदेशांतील स्पर्धांत पारितोषिके मिळवली. प्रवेशिका पाठवायला कलावंताने स्वतः जावे लागत नाही.

भाड्याच्या प्रदर्शनात मात्र जावेच लागते, कारण तेथे यजमान आपणच असतो. कोणती चित्रे लावायची, किती आणि कोणत्या क्रमाने, हे आपणच ठरवतो. निवडीच्या प्रदर्शनात सहसा एकदोन चित्रे लागतात, येथे वीस लागू शकतात. त्या मोकळिकीची किंमत भाड्याच्या आकड्यात पुरती दिसत नाही. अनामत रक्कम, निमंत्रणपत्रिका, वाहतूक, उद्घाटनाचा चहा आणि दिवसभर दालनात बसणारा माणूस हे सगळे वेगळे. भिंतीत खिळा ठोकू देतात की वरच्या पट्टीवरून दोरीनेच टांगायचे, विक्रीवर दालन काही टक्के घेते का, हे आधी लेखी विचारून घ्यावे. पहिल्या खेपेला मी सहा फ्रेमा गोधडीत गुंडाळून रेल्वेने मुंबईला नेल्या होत्या. दोन काचा कल्याणच्या आधीच फुटल्या, आणि एका तुकड्याने चित्राचा कोपरा खरवडला. तेव्हापासून प्रवासाला अ‍ॅक्रिलिकचीच शीट. आपल्याकडेच प्रदर्शन भरवायचे असेल तर मे महिना टाळावा, कारण खान्देशातल्या त्या उन्हात दुपारी दालनात पंख्याखेरीज कोणी फिरत नाही.

घोटाळा वाढतो तो मधल्या प्रकारामुळे. १९५२ साली सुरू झालेल्या मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत भाडे द्यावे लागते. पण त्याआधी समिती काम पाहते, आणि तारखेसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागते. तेव्हा पैसे घेतात की नाही ही खूण कामाची नाही. येथे माझे काम नाकारले जाऊ शकते का, आणि ते कोण नाकारेल, एवढे विचारावे. नाकारण्याची शक्यताच नसेल तर ती निवड नव्हे, नाव कितीही ‘आंतरराष्ट्रीय’ असो. शुल्क भरताच प्रमाणपत्र पाठवणारी ऑनलाइन प्रदर्शने माझ्या मते या दोन्हींत बसत नाहीत: तेथे परीक्षण नाही आणि भिंतही नाही.

स्वतःच्या खर्चाने प्रदर्शन भरवण्यात कमीपणा काहीच नाही. पहिले गिऱ्हाईक मला तेथेच भेटले. परिचयपत्रात मात्र ‘निवड’ आणि ‘एकल प्रदर्शन’ हे रकाने वेगळे ठेवावेत, कारण वाचणाऱ्या जाणकाराला फरक कळतोच.

अर्जावर सही करण्याआधी पुनर्मुद्रणाचे कलम दोन्हीकडे वाचावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क हस्तांतरित करायचा तर तो लेखी करावा लागतो, म्हणून नुसते चित्र विकले की त्याचा कॉपीराइट आपोआप जात नाही. पण अर्जातल्या बारीक अक्षरांतले वाक्यही लेखीच असते. आणि फ्रेमच्या मागे नाव, शीर्षक, माध्यम, आकार व किंमत लिहिलेली चिठ्ठी डकवावी, फोन नंबरासह. परतीच्या ढिगाऱ्यात चित्र तिच्यामुळेच ओळखू येते.