दीर्घकालीन आजार आणि दत्तक पालकत्व (कोकण)

मधुमेह, उच्च रक्तदाब, थायरॉइड, दमा अशा कायम औषध लागणाऱ्या आजारासह मूल मांडीवर घेणे. ‘साखर आहे, म्हणजे मूल मिळणार नाही’ हा समज चुकीचा आहे.

भावकीतले मूल दत्तक घेण्याची रीत जुनी आहे. लांजा तालुक्यातील कोट हे झाशीच्या नेवाळकरांचे मूळ गाव. त्या घराण्यातील गंगाधररावांनी, म्हणजे राणी लक्ष्मीबाईंच्या पतीने, नोव्हेंबर १८५३ मध्ये आजारपणात, मृत्यूच्या आदल्या दिवशी नात्यातला आनंदराव दत्तक घेतला, तोच दामोदरराव. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ आजही दत्तक घेणारा सज्ञान आणि शुद्ध मनाचा असावा असे म्हणतो. शारीरिक आजाराची अट घालत नाही.

संस्थेतले मूल हवे असेल, तर बाल न्याय अधिनियम, २०१५ आणि दत्तक नियमावली, २०२२ लागू होतात. पात्रतेच्या नियमात पालकाला जिवाला धोका असणारा आजार नसावा असे आहे. कागदपत्रांच्या यादीत मात्र जुनाट, संसर्गजन्य किंवा प्राणघातक आजार नसल्याचा डॉक्टरी दाखला मागितला आहे. घोळ होतो तो या ‘जुनाट’ शब्दापाशी. गोळ्यांनी ताब्यात असलेली साखर जुनाट खरी, पण जीवघेणी नव्हे. म्हणून आजार झाकू नये. तो किती वर्षांचा, औषध कोणते, ताबा कसा आणि मूल सांभाळण्याची ताकद आहे का, हे डॉक्टरांकडून नीट लिहून घ्यावे.

गृह अध्ययनासाठी, म्हणजे घर आणि कुटुंब पाहायला, समाजसेविका घरी येते. तुम्ही दवाखान्यात असताना मुलाजवळ कोण, या प्रश्नाचे उत्तर तयार हवे. कोकणात हा प्रश्न जड आहे: मोठ्या उपचारासाठी सावंतवाडीकडची माणसे गोव्यातल्या बांबोळीला किंवा कोल्हापूरला जातात, अलिबागची मुंबईला, आणि अख्खा दिवस त्यात जातो. गणपतीला येणाऱ्या चाकरमानी दिराचे नाव इथे कामाचे नाही. वाडीतली काकी, शेजारीण, रोज हाकेला येणारे माणूस हवे.

उपचारांत वर्षे निघून जातात, आणि वयाची अट कडक आहे. दोन वर्षांखालील मुलासाठी पती-पत्नीच्या वयांची बेरीज ८५ पर्यंत, एकट्या पालकाचे वय ४० पर्यंत चालते. मूल मोठे असेल तर मर्यादाही वाढते. सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. त्यानंतर दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी, मूल घरात कसे रुळले याचा पाठपुरावा होतो.