इंजिन ठेवायचं कुठे?

पुण्याच्या रस्त्यावर स्कोडाची ‘स्लाव्हिया’ दिसते. चाकणला बनणाऱ्या या मोटारीचं नाव मुळात एका सायकलचं. बोहेमियातल्या, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या, म्लादा बोलेस्लाव गावात वात्स्लाव क्लेमेंट या पुस्तकविक्रेत्याची जर्मन सायकल बिघडली. त्याने कंपनीला चेक भाषेत तक्रार लिहिली, तर उत्तर आलं: आम्हाला समजेल अशा भाषेत लिहा. भडकलेल्या क्लेमेंटने वात्स्लाव लॉरिन या मेकॅनिकला गाठलं आणि 1895 मध्ये दोघांनी स्वतःचाच कारखाना काढला. सायकलींना नाव दिलं स्लाव्हिया.

पुढे क्लेमेंट पॅरिसला गेला आणि तिथे वर्नर बंधूंची ‘मोटोसिक्लेट’ पाहून थक्क झाला. साध्या सायकलच्या हँडलसमोर इंजिन, त्यातून निघालेला चामड्याचा पट्टा थेट पुढचं चाक फिरवणार. एक गाडी तो विकत घेऊन आला. लॉरिनला मात्र ती फारशी पटली नाही, आणि त्याचं बरोबर होतं.

हँडलला दळणाची पिशवी अडकवून सायकल चालवली असेल, तर कारण लगेच कळेल. दुचाकीचा तोल आपण हँडल सतत किंचित इकडेतिकडे वळवून सांभाळतो. तिथेच वजन लटकवलं, तर प्रत्येक वेळी तेही वळवावं लागतं, आणि वळायला लागलं की लवकर थांबत नाही. शिवाय वजन उंचावर असल्याने ओल्या रस्त्यावर गाडी घसरली की सावरणं अवघड. त्यात सिलिंडरमधलं मिश्रण पेटायचं ते बर्नरच्या उघड्या ज्योतीवर तापवलेल्या नळीने. गाडी आडवी झाली की ज्योत आणि पेट्रोल यांची गाठ पडलीच म्हणून समजा! पुढे इंजिन असलेल्या अशाच एका प्रायोगिक गाडीवरून पडून लॉरिनने पुढचा दात गमावला, असं सांगतात.

मग लॉरिन-क्लेमेंटच्या गाडीत इंजिन खाली, फ्रेममध्ये पायडलच्या आसपास आलं, शक्ती मागच्या चाकाकडे गेली आणि ज्योतीऐवजी मॅग्नेटोची, म्हणजे चुंबकाच्या मदतीने वीज तयार करणाऱ्या छोट्या यंत्राची, ठिणगी आली. 1899 मध्ये ही स्लाव्हिया मोटारसायकल लोकांपुढे आली. ताकद जेमतेम पावणेदोन अश्वशक्ती. आधी पायडल मारून वेग घ्यायचा, मग इंजिन सुरू व्हायचं. चढावर पुन्हा पायच. वर्नर बंधूंनीही 1901 मध्ये इंजिन खाली आणलं. आजच्या बहुतेक मोटारसायकलींचं इंजिन तिथेच आहे.

1905 मध्ये फ्रान्समधल्या दूर्दां इथली आंतरराष्ट्रीय शर्यत वात्स्लाव वोंद्रिखने लॉरिन-क्लेमेंटच्या मोटारसायकलवर जिंकली. त्याच वर्षी कारखान्याने पहिली मोटार काढली. 1925 मध्ये प्लझेन शहरातल्या स्कोडा कंपनीने तो आपल्यात सामावून घेतला.