लिनक्समधल्या वेगळ्या चुली

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, त्यामुळे धडधाकट चालणारे कितीतरी जुने लॅपटॉप बाद ठरले. त्यांचे मालक लिनक्सकडे, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमकडे, वळले की पहिल्याच पायरीवर अडखळतात. उबुंटू, मिंट, फेडोरा, डेबियन... घ्यायचं कोणतं? विंडोज मायक्रोसॉफ्टचं, मॅकओएस ॲपलचं, विषय संपला. इथे मात्र घरटी वेगळी चूल.

लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली हेलसिंकीत लिहिलं ते फक्त कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा. भोवतीची बरीचशी साधनं जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाची. हे सगळं जुळवून, इन्स्टॉल करता येईल असं बांधून देणं म्हणजे डिस्ट्रो. १९९२ मध्ये कर्नल जीपीएल परवान्याखाली आलं: कोड घ्या, बदला, वाटा, फक्त बदललेलं वाटलंत तर त्याचा कोडही द्या. पटलं नाही तर वेगळं व्हायची सोय कागदोपत्रीच झाली.

आणि लोक वेगळे झालेच. १९९२ चं एसएलएस हे सुरुवातीचं डिस्ट्रो चुकांनी भरलेलं. ते दुरुस्त करता करता पॅट्रिक व्होल्कर्डिंगने जुलै १९९३ मध्ये स्लॅकवेअर काढलं. महिन्याभरात इयान मर्डॉकने त्याच एसएलएसला वैतागून मुळापासून मांडामांड सुरू केली, ते डेबियन. (मैत्रीण डेब्रा आणि स्वतः इयान, असं ते नाव.)

तेव्हाचं दुखणं वेगळंच होतं. एखादा प्रोग्राम टाकावा, तर तो म्हणणार अमुक लायब्ररी (त्याला लागणारा तयार कोड) नाही. ती शोधून टाकावी, तर तिला तिसरीच हवी. मार्च १९९९ च्या डेबियन २.१ मध्ये ॲप्ट हे प्रोग्राम उतरवून देणारं साधन आलं आणि एका आज्ञेत सगळं गोतावळ्यासकट उतरू लागलं. माझ्या मते सामान्य माणसाला लिनक्स झेपू लागलं ते इथून. उबुंटू (२००४) डेबियनवरच उभं राहिलं; त्याच्या सीडी तर कित्येक वर्षं फुकट, घरपोच यायच्या. मिंट (२००६) उबुंटूवर बेतलेलं.

मग २०११ उजाडलं. ग्नोम हा लिनक्सवरचा एक डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरची मांडणी. ग्नोम ३ ने सवयीचा मेनू आणि खालची पट्टी काढून टाकली, उबुंटूने युनिटी हा स्वतःचा डेस्कटॉप पुढे केला. लोक चिडले. कोणी जुन्या ग्नोम २ चा कोड उचलून तो माटे या नावाने जिवंत ठेवला, मिंटवाल्यांनी सिनॅमन बनवलं. विंडोजवरून आलेल्याला आज मिंटमध्ये डाव्या कोपऱ्यात मेनू आणि उजवीकडे घड्याळ जागच्या जागी सापडतं, ते त्या भांडणामुळे.